ज्यूद्वेष मोजायचा कशाने आणि शिक्षा द्यायची कशाने?

२५ मार्च २०२५ची संध्याकाळ. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या सॉमरव्हिलमध्ये एक तुर्की विद्यार्थिनी रोजा सोडायला मित्रमैत्रिणींकडे निघाली होती. साध्या वेशातल्या, तोंडं झाकलेल्या अधिकाऱ्यांनी तिला रस्त्यातच घेरलं, हातकड्या घातल्या आणि गाडीत बसवून नेलं. टफ्ट्स विद्यापीठात ती पीएचडी करत होती. वर्षभरापूर्वी तिने आणखी तिघांबरोबर विद्यापीठाच्या वर्तमानपत्रात एक लेख लिहिला होता: इस्रायलशी संबंध असलेल्या कंपन्यांतली गुंतवणूक काढून घ्या, या विद्यार्थी सिनेटच्या ठरावाची विद्यापीठाने दखल घ्यावी. तिच्यावर गुन्हा असा काही दाखल नव्हता. तरी सहा आठवडे ती स्थानबद्ध होती. ज्यूद्वेषाविरुद्ध मोहीम चालू आहे, असं सरकारचं सांगणं.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, योम किप्पूरच्या दिवशी, इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या सिनेगॉगवर हल्ला झाला. ज्यूंचा हा वर्षातला सगळ्यात पवित्र दिवस, उपासाचा आणि प्रार्थनेचा. हल्लेखोराने माणसांवर गाडी घातली, मग चाकू काढला. प्रार्थनेला आलेल्या दोघांचा जीव गेला.

या दोन बातम्या पाठोपाठ वाचल्या की डोकं चक्रावतं. एकीकडे ज्यूद्वेष वाढतोय, कडक कायदे करा अशी ओरड. दुसरीकडे त्याच नावाखाली लोकांची तोंडं बंद केली जाताहेत अशी तक्रार. यातलं खरं काय? दोन्ही खरं आहे. घोळ आहे तो दोन वेगळ्या प्रश्नांना एकच मोजपट्टी लावण्यात. 'हे बोलणं ज्यूद्वेषी आहे का?' हा एक प्रश्न. 'हे बोलल्याबद्दल सरकारने शिक्षा करावी का?' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसऱ्याचंही आपोआप 'हो' होत नाही.

आधी, ज्यूद्वेष म्हणजे काय?

ज्यूंचा, ते ज्यू आहेत म्हणून केलेला तिरस्कार. या द्वेषाची एक खोड मात्र इतर द्वेषांहून निराळी आहे. बहुतेक समाजांना हिणवताना 'ते खालचे, अडाणी, घाणेरडे' असं म्हटलं जातं. ज्यूंबद्दल ते तर म्हटलं गेलंच, वर 'ते पडद्याआडून सगळं जग चालवतात' हेही म्हटलं गेलं. ११४४मध्ये इंग्लंडच्या नॉरिच गावात एका मुलाचा खून झाला आणि ज्यूंनी धार्मिक विधीसाठी मुलाचा बळी घेतला अशी कहाणी उठली. पुढची काही शतकं तीच कहाणी युरोपभर फिरून ज्यूंच्या कत्तली घडवत राहिली. १९०३मध्ये रशियात, जगावर कब्जा करण्याच्या ज्यूंच्या गुप्त बैठकांचं म्हणून एक इतिवृत्त छापलं गेलं. ते बनावट आणि चक्क चोरलेल्या मजकुरातून जुळवलेलं आहे, हे लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१मध्ये पुराव्यानिशी दाखवलं. काही उपयोग झाला नाही. आजही ते छापलं जातं.

आपल्याकडे याचं एक गमतीदार रूप फिरतं. 'मूठभर ज्यू जगातल्या बँका, मीडिया आणि सरकारं मुठीत ठेवतात, शिका काहीतरी त्यांच्याकडून!' अशा थाटाचे मेसेज कौतुक म्हणून फॉरवर्ड होतात. पाठवणाऱ्याच्या मनात द्वेषाचा लवलेशही नसतो. पण कहाणी तीच, १९०३ची. फक्त शिवीच्या जागी शाबासकी आली.

युरोपात हे किती पसरलंय? युरोपियन युनियनच्या मूलभूत हक्क संस्थेने १३ देशांतल्या सुमारे ८,००० ज्यूंशी बोलून २०२४मध्ये अहवाल दिला. त्यातल्या ९६ टक्के लोकांना वर्षभरात कुठे ना कुठे ज्यूद्वेषाचा अनुभव आला होता, आणि ७६ टक्के लोक निदान अधूनमधून आपण ज्यू असल्याचं लपवतात. ही पाहणी ऑक्टोबर २०२३च्या हमास हल्ल्याच्या आणि गाझा युद्धाच्या आधी केलेली होती, हे लक्षात घ्यायला हवं.

बोलण्यावर बंदी कधी घालता येते?

याचा आंतरराष्ट्रीय पाया म्हणजे १९६६चा नागरी आणि राजकीय हक्कांचा करार. भारत त्यात १९७९पासून आहे. त्यातली दोन कलमं लागोपाठ येतात आणि एकमेकींना धरून ठेवतात. कलम १९ म्हणतं, प्रत्येकाला मत मांडायचा हक्क आहे. त्यावर मर्यादा घालायची तर ती स्पष्ट कायद्याने, ठरावीक कारणांसाठीच आणि खरोखर गरज असेल तेवढीच. कलम २० म्हणतं, वंश, राष्ट्र किंवा धर्माच्या नावाने द्वेष पसरवून भेदभावाला, वैराला वा हिंसेला चिथावणी दिली जात असेल तर त्यावर कायद्याने बंदी असलीच पाहिजे. कलम २०मधला कळीचा शब्द 'चिथावणी' हा आहे. नुसता द्वेष पुरत नाही.

मग चिथावणी ओळखायची कशी? त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तज्ज्ञांच्या बैठका झाल्या आणि २०१२मध्ये मोरोक्कोतल्या राबात शहरात सहा कसोट्या ठरल्या. परिस्थिती काय होती, बोलणारा कोण, त्याचा हेतू काय, शब्द नेमके कोणते, ते किती लोकांपर्यंत पोचले आणि त्यातून लगेच काही अनिष्ट घडण्याची शक्यता किती. सहाही कसोट्यांना उतरलं तरच फौजदारी गुन्हा. शिवाय राबातमध्ये तीन पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि मला वाटतं या सगळ्या विषयात सर्वांत उपयोगी गोष्ट तीच. सगळ्यात वरच्या पायरीवर तुरुंगात पाठवण्याजोगं बोलणं. मधल्या पायरीवर दिवाणी दावा किंवा प्रशासकीय कारवाई चालेल असं बोलणं. तिसऱ्या पायरीवर जे आहे ते कायद्याने चालतं, पण वाईट आहे. त्याला उत्तर द्यायचं ते समाजाने, शाळेने, वर्तमानपत्राने, शेजाऱ्याने. ज्यूद्वेषाचा फार मोठा भाग या तिसऱ्या पायरीवर बसतो.

मग ज्यूद्वेषाच्या व्याख्येवरून एवढा वाद का?

बातम्यांत जिचा उल्लेख येतो ती व्याख्या आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) स्मरण आघाडी या ३०हून अधिक देशांच्या गटाने मे २०१६मध्ये बुखारेस्टला स्वीकारली. ज्यूद्वेष म्हणजे 'ज्यूंविषयीची एक विशिष्ट धारणा, जी त्यांच्याबद्दलच्या द्वेषातून व्यक्त होऊ शकते', असं काहीसं मोघम वाक्य आणि त्याखाली ११ उदाहरणं. त्यातली ७ इस्रायलशी निगडित. ही व्याख्या कायद्याने बंधनकारक नाही, असं तिच्यातच लिहिलंय. इतर कुठल्याही देशावर करतो तशी टीका इस्रायलवर केली तर तो ज्यूद्वेष होत नाही, हेही लिहिलंय. पण 'इस्रायल हे राष्ट्रच वंशवादी उपद्व्याप आहे असं म्हणणं' किंवा 'इस्रायलच्या धोरणांची नाझींशी तुलना करणं' हीसुद्धा त्या उदाहरणांत आहेत. ठिणगी पडते ती इथे.

मुळात व्याख्या लागलीच कशाला? जर्मनीतल्या वुपर्टालचं प्रकरण बघा. जुलै २०१४मध्ये तिघांनी तिथल्या सिनेगॉगवर पेट्रोल बॉम्ब फेकले. न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं, पण हेतू गाझाच्या युद्धाकडे लक्ष वेधण्याचा होता, ज्यूद्वेषाचा नव्हे, असा निष्कर्ष काढला. जर्मनीतल्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला आग लावून इस्रायलचा निषेध! हे प्रकरण नंतरचं, पण अशा घटना कुठल्या रकान्यात टाकायच्या, यावर युरोपातल्या देशांचा मेळ आधीपासूनच बसत नव्हता. त्यासाठीच २००५च्या सुमारास अमेरिकी वकील केनेथ स्टर्न आणि सहकाऱ्यांनी या व्याख्येचा पहिला मसुदा केला. उद्देश होता आकडेवारी गोळा करण्याचा.

पावसाळ्यात आशाताई घरोघरी फिरून डेंग्यूचे संशयित रुग्ण लिहून घेतात, तसं हे काम. ताप आहे, अंग दुखतंय, डोळ्यांमागे ठणकतंय, लिहा संशयित. निकष मुद्दाम सैल ठेवतात, कारण साथ हातातून निसटू नये. पण त्या वहीत नाव आलं म्हणून कोणी थेट प्लेटलेट चढवत नाही. त्याला रक्ताचा रिपोर्ट लागतो. ज्यूद्वेषाच्या बाबतीत काही सरकारांनी आणि विद्यापीठांनी आशाताईंची वहीच रिपोर्ट म्हणून वापरायला घेतली. स्वतः स्टर्न यांनी नोव्हेंबर २०१७मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना, कॅम्पसवरचं बोलणं तपासायला ही व्याख्या वापरू नका, असं बजावलं. स्टर्न स्वतः ज्यू आहेत, इस्रायलचे समर्थकही. दोन वर्षांनी ट्रम्प सरकारने आदेश काढून नेमकं तेच केलं.

संयुक्त राष्ट्रांचे धर्मस्वातंत्र्याचे तेव्हाचे विशेष प्रतिवेदक अहमद शहीद (हे मूळचे मालदीवचे) यांनी २०१९च्या अहवालात ज्यूद्वेष हे मानवी हक्कांवरचं गंभीर संकट असल्याचं ठामपणे मांडलं, आणि ही व्याख्या शिकवण्या-समजावण्याचं साधन म्हणून वापरा, कायदा म्हणून नको, असं सुचवलं. २०२१मध्ये सुमारे २०० अभ्यासकांनी 'जेरुसलेम जाहीरनामा' नावाची पर्यायी व्याख्या दिली: ज्यूंबद्दल, ज्यू म्हणून, केलेला भेदभाव, पूर्वग्रह, शत्रुत्व किंवा हिंसा. मला ती जास्त नेटकी वाटते. पण खरं सांगायचं तर तीही शिक्षेसाठी वापरली तर तोच घोळ होणार.

इस्रायलवर टीका म्हणजे ज्यूद्वेष?

याचं उत्तर द्यायला कोकणातून इस्रायलला गेलेल्यांची गोष्ट पुरेशी आहे. बेने इस्रायली मंडळी, म्हणजे कोकणातले ज्यू, आपले शनिवार तेली, इस्रायलमध्ये स्थायिक झाली तेव्हा १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठाने त्यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका काढली. लग्नाआधी पिढ्यांची छाननी करायचा आदेश निघाला. हे लोक रस्त्यावर उतरले, धरणं धरलं, सरकारवर आणि धर्मगुरूंवर भेदभावाचा जाहीर आरोप केला. शेवटी १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेला, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, असा ठराव करावा लागला. या माणसांना ज्यूद्वेष्टे म्हणायचं का?

आता दुसरी बाजू. 'पॅलेस्टाइन' हा शब्द तोंडात असला की माणूस ज्यूद्वेषातून सुटतो, असंही नाही. हमासच्या १९८८च्या सनदेत तीच १९०३ची बनावट कागदपत्रं पुरावा म्हणून दिली होती. (२०१७च्या दस्तऐवजात त्यांनी भाषा बदलली, लढा ज्यूंशी नसून झायोनिस्ट (ज्यू राष्ट्रवादी) प्रकल्पाशी आहे असं लिहिलं.) ओळखायची खूण अशी की राग इस्रायलच्या सरकारवरचा असतो आणि त्याचा जाब पॅरिसच्या ज्यू बेकरीवाल्याला किंवा मँचेस्टरच्या उपासकाला विचारला जातो. नेतान्याहूंच्या निर्णयाबद्दल शाळकरी मुलाला वर्गात उभं करून तू निषेध कर म्हणणं, हेही त्यातच आलं.

बहिष्काराचं काय?

२००९ आणि २०१०मध्ये फ्रान्समधल्या म्युलूझजवळच्या एका मोठ्या दुकानात काही कार्यकर्ते शिरले. अंगावर पॅलेस्टाइनसमर्थक टी-शर्ट, हातात पत्रकं. ट्रॉल्यांत इस्रायली माल भरून ते गिऱ्हाइकांना दाखवत होते: हा घेऊ नका. तोडफोड नाही, धक्काबुक्की नाही. फ्रेंच न्यायालयांनी त्यांना भेदभावाला चिथावणी दिल्याबद्दल दोषी ठरवलं. प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि ११ जून २०२० रोजी न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की शिक्षा चूक होती. सार्वजनिक प्रश्नावरची ही राजकीय अभिव्यक्ती आहे.

गंमत म्हणजे याच न्यायालयाने २००९मध्ये सेक्लँ या फ्रेंच गावाच्या महापौराची शिक्षा मात्र कायम ठेवली होती. त्यानेही इस्रायली मालावर बहिष्काराचीच हाक दिली होती. पण तो महापौर होता, नगरपालिकेच्या खरेदीबद्दल बोलत होता आणि त्या खुर्चीवर तटस्थपणाचं बंधन होतं. हाक तीच, बोलणारा वेगळा. राबातची दुसरी कसोटी ही अशी चालते. १९०५मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार हे एक सूत्रच होतं. बहिष्कार म्हणजे आपोआप द्वेष, हे त्यामुळे आपल्याला पटवून देणं जरा अवघडच.

पण शब्दांतूनच गॅस चेंबर उभे राहिले ना?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. नाझी पक्षाचा युलियस स्ट्रायखर 'डेर श्ट्युर्मर' नावाचं साप्ताहिक चालवायचा. वर्षानुवर्षं त्याने त्यातून ज्यूंविरुद्ध गरळ ओकली. स्वतःच्या हाताने त्याने कत्तल केल्याचा आरोप नव्हता, तरी न्युरेंबर्गच्या न्यायालयाने त्याला १९४६मध्ये फाशी दिली. कत्तल चालू असताना, ते माहीत असताना, तो संहाराची हाक देत राहिला म्हणून. शब्दाला शिक्षा होऊच शकत नाही असं कोणी म्हणत असेल तर हे उदाहरण पुढे ठेवावं.

पण याच स्ट्रायखरवर हिटलर सत्तेवर येण्याआधीही खटले झाले होते आणि त्याने तुरुंगही पाहिला होता. कायदा होता, शिक्षा होत होती, प्रत्येक खटल्याची तो जाहिरात करून घेत होता. शिक्षा फार सौम्य होत्या, असंही काही अभ्यासक म्हणतात. वाद मिटलेला नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की, बोलण्यावरची शिक्षा ही लोकशाही वाचवायची हमी नव्हे.

अमेरिकेने दुसरं टोक गाठलं. कलम २० आम्हाला पूर्ण लागू नाही, अशी अट घालूनच त्यांनी १९६६च्या त्या कराराला मंजुरी दिली. १९७७मध्ये शिकागोजवळच्या स्कोकी गावात नाझी पक्षाच्या मूठभर लोकांना मोर्चा काढायचा होता. गाव मुद्दाम निवडलेलं. छळछावण्यांतून वाचलेले हजारो ज्यू तिथे राहत. नाझींच्या हक्कासाठी उभी राहिली ती एसीएलयू ही नागरी स्वातंत्र्याची संघटना. तिचे वकील डेव्हिड गोल्डबर्गर ज्यू. तिचे प्रमुख आर्ये नाइयर यांचा जन्म १९३७चा, बर्लिनमधला. नाझींपासून पळालेल्या कुटुंबातला हा माणूस. हजारो सभासदांनी संघटना सोडली. खटला संघटनेने जिंकला, आणि नाझी मात्र स्कोकीत आलेच नाहीत, शिकागोत मोर्चा काढून गेले. स्कोकीच्या लोकांनी नंतर तिथे होलोकॉस्ट संग्रहालय उभारलं.

होलोकॉस्ट झालाच नाही असं म्हणणं जर्मनीत आणि फ्रान्समध्ये गुन्हा आहे. जर्मनीने तो इतिहास घडवला, तेव्हा तिथे ती सावधगिरी समजू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९६मध्ये अशा एका फ्रेंच प्राध्यापकाची शिक्षा योग्य ठरवली, पण २०११मध्ये म्हटलं की ऐतिहासिक घटनांबद्दलच्या मतांना सरसकट शिक्षा देणारे कायदे कराराशी जुळत नाहीत. होलोकॉस्ट नाकारणाऱ्या डेव्हिड अर्व्हिंगने इतिहासकार डेबोरा लिप्स्टाट यांच्यावर लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला होता. २०००मध्ये त्या जिंकल्या, त्याचं खोटं कागदपत्रांनिशी उघडं पाडून. पुढे ऑस्ट्रियाने त्याला तुरुंगात टाकलं तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत लिप्स्टाटही होत्या. माझा कल त्यांच्या बाजूला आहे.

ज्यू विद्यार्थ्यांना कॅम्पसवर त्रास झाला, तोही 'अभिव्यक्ती' म्हणून सोडायचा?

अजिबात नाही. ऑगस्ट २०२४मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने कॅलिफोर्निया विद्यापीठाला (यूसीएलए) सुनावलं की, पॅलेस्टाइनसमर्थक आंदोलकांच्या तंबूंमुळे ज्यू विद्यार्थ्यांना जिथे जाता येत नाही, अशा सोयीसुविधा इतरांपुरत्या चालू ठेवता येणार नाहीत. वाट अडवणं, पाठलाग करणं, धमकावणं हे वर्तन आहे. त्यावर कारवाई करायला कुठलीही व्याख्या लागत नाही.

हार्वर्डच्या निकालात हे आणखी स्वच्छ दिसतं. ज्यूद्वेषाचं कारण देऊन ट्रम्प सरकारने हार्वर्डचा २ अब्ज डॉलरहून जास्त संशोधन निधी रोखला. सप्टेंबर २०२५मध्ये न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी तो निर्णय रद्द केला. हार्वर्डमध्ये ज्यूद्वेष होता आणि विद्यापीठाने तो आधीच निस्तरायला हवा होता, असं त्यांनी लिहिलं. त्याचबरोबर सरकारने ज्यूद्वेषाचा वापर धुराच्या पडद्यासारखा केला, असंही लिहिलं. कॅन्सरवरचं संशोधन थांबवून ज्यू विद्यार्थी सुरक्षित कसा होतो, हे मलाही उमगलेलं नाही.

आपल्याकडे याचा काय संबंध?

कोकणात ज्यू शतकानुशतकं शेजाऱ्यांच्या छळाशिवाय राहिले, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरंही आहे. पण २६ नोव्हेंबर २००८ला कुलाब्याच्या गल्लीतलं नरिमन हाउस बाहेरून आलेल्या दहशतवाद्यांनी शोधून काढलं ते ज्यूंना मारण्यासाठीच. ज्यूद्वेष मुंबईपर्यंत पोचलेला आहे.

मोघम कायद्याचा अनुभवही आपल्याला आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असा प्रश्न फेसबुकवर विचारणाऱ्या पालघरच्या मुलीला अटक झाली. ती पोस्ट 'लाइक' करणाऱ्या मैत्रिणीलाही. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सरकारला हात घालता येतो तो फक्त तिसरीत, असा तो निकाल आहे. राबातशी त्याचं छान जुळतं.

तिसऱ्या पायरीचंही एक उदाहरण घरचंच आहे. २००६मध्ये नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावाचं रेस्टॉरंट उघडलं. हेतू लक्ष वेधून घेण्याचा, बाकी काही नाही. मुंबईच्या ज्यू समाजाने निषेध केला, मालकाशी बोलणं झालं आणि काही दिवसांत नाव बदललं.

फुटपाथवर हिटलरच्या आत्मचरित्राची मराठी भाषांतरं अजून खपतात, आणि घेणाऱ्यांत 'नेतृत्वगुण' शिकायला निघालेली मुलंही असतात. त्यावर बंदीची मागणी अधूनमधून होते. जर्मनीत २०१५ अखेर त्या पुस्तकाचा कॉपीराइट संपला तेव्हा म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेने त्याची दोन खंडांची आवृत्ती काढली, सुमारे ३,५०० टिपांसह. हिटलरचं जवळजवळ प्रत्येक पान खोडून काढणाऱ्या टिपांनी वेढलेलं आहे. कोणा मराठी प्रकाशकाने तशी सटीप आवृत्ती काढायची हिंमत केली, तर पहिल्या दिवशी रांगेत मी असेन.